चैत्रातला एक शुक्रवार

पाडवा झाला की आमच्या लोणीत यात्रेचं बोलणं निघतं. ज्वारी घरात आलेली असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि संध्याकाळी पारावर एकच विषय असतो: यंदा तमाशा कुणाचा आणायचा? मग पाच-सात जाणती माणसं गाडी करून नारायणगावला जातात. तिथं फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत बैठक, आणि बैठकीवर तारखांची वही घेऊन बसलेला मॅनेजर. तिथी सांगायची, गावात रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी हजेरी असे दोन्ही हवेत का ते सांगायचं, घासाघीस करायची, सुपारी ठरवायची, इसार द्यायचा. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला गाणं म्हणजे काय, हे इथं कळतं. गाणं आणायला जावं लागतं. त्याची तारीख धरावी लागते. ते वर्षातून एका रात्री येतं, पहाटे ट्रकमध्ये सामान चढतं आणि पुढच्या गावाला निघून जातं. गावात उरतं ते कुणाच्या तरी कानात राहिलेलं.

१९५५ सालच्या चैत्रातही यात्रा होत्याच. पण त्या चैत्रात एक गाणं असं निघालं की ते आणायला कुणाला जावं लागलं नाही. शके १८७७, चैत्र शुद्ध नवमी, शुक्रवार, १ एप्रिल १९५५. सकाळी पावणेनऊ वाजता पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. मराठी सुगम संगीताच्या इतिहासातला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. त्या दिवशीच्या गाण्याच्या गुणांसाठी तर निवडीनच, पण त्याहून अधिक त्या सकाळी घडलेल्या एका प्रसंगासाठी. त्या प्रसंगामुळे पुण्याच्या स्टुडिओतलं ते गाणं मला आमच्या यात्रेच्या बोर्डावरच्या गाण्याचं सख्खं भावंड वाटतं.

आधी त्या वेळच्या रेडिओबद्दल सांगायला हवं. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी, म्हणजे ते अवघं दीड वर्षाचं होतं. दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे १९५२ नंतर आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच सुमारास सुरू झाली होती, आणि बुधवारची रात्र सिलोनची झाली. आकाशवाणीपुढे प्रश्न उभा राहिला: सिनेमाचं गाणं नको, तर मग लोकांना आवडेल असं दुसरं काय द्यायचं? केंद्राकेंद्रांवर भावगीत, भक्तिगीत, संगीतिका यांची जुळवाजुळव सुरू झाली. पुण्यात हे काम ज्यांच्याकडे होतं त्यात सीताकांत लाड हे अधिकारी होते. ग. दि. माडगूळकर त्यांचे मित्र. वर्षभर चालेल असं काहीतरी आमच्यासाठी लिहा, अशी लाडांची मागणी होती. आठवड्याला एक गीत, वर्षाची ५२ गीतं, त्यातून सबंध रामकथा, असा बेत ठरला. चाली सुधीर फडक्यांच्या.

माडगूळकर आणि फडके दोघेही १९१९ सालचे, म्हणजे तेव्हा दोघांचंही वय पस्तिशीचं. फडके कोल्हापूरचे. लहानपणी घर बसलं, मिळेल ते काम करून दिवस काढले, मग ग्रामोफोन कंपनी, मग ‘प्रभात’. ‘गीतरामायणा’च्या आदल्याच वर्षी, १९५४च्या पावसाळ्यात, हे गृहस्थ दादरा-नगरहवेली पोर्तुगिजांकडून सोडवायला निघालेल्या तरुणांत सामील झाले होते. चाल लावणारे हात तिकडे जीव धोक्यात घालून आले आणि आठ-नऊ महिन्यांनी रामकथेच्या सुरावटी बांधत होते, हे लक्षात ठेवलं म्हणजे त्या गीतांमधली वीरश्री कुठून आली याचा थोडा अंदाज येतो.

माडगूळकर माणदेशातले. आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातले. जन्म शेटफळ्याचा, गाव माडगुळं, शाळा औंध संस्थानात. दारिद्र्यामुळे शिक्षण अर्धवट. कोल्हापुरात वि. स. खांडेकरांकडे लेखनिक म्हणून काम केलं, पडद्यावर लहानसहान भूमिका केल्या, सिनेमे लिहिले. पण त्यांची पहिली शाळा जत्रा, कीर्तन, भेदिक आणि पोवाड्याची. सातारा भागातल्या चळवळीच्या दिवसांत शाहीर शंकरराव निकमांसाठी त्यांनी पोवाडे लिहिले. १९४७ साली आलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाची पटकथा आणि गाणी त्यांचीच. रामजोशी हा पेशवाईतला सोलापूरचा ब्राह्मण, संस्कृत पढलेला, तमाशाच्या फडात उभा राहिलेला आणि पुढे कीर्तनातही तितकाच रमलेला. आमच्या शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदीही असाच, फडावरून कीर्तनाकडे गेलेला. अहिल्याबाई होळकरांच्या शब्दाखातर तो वळला असं परंपरा सांगते. देवळातलं गाणं आणि बोर्डावरचं गाणं या दोन वाटा महाराष्ट्रात नेहमी एकमेकींना ओलांडत आलेल्या आहेत. माडगूळकर त्या तिठ्यावरच लहानाचे मोठे झाले. म्हणून त्यांनी लिहिलेली लावणी अस्सल ठरली आणि त्याच लेखणीतून आलेलं रामायणही.

आता ती सकाळ. पहिलं गीत माडगूळकरांनी लिहून दिलेलं होतं. फडक्यांच्या हाती कागद पोचला होता. आणि प्रसारणाच्या तोंडावर तो कागद सापडेना. खिसे, पेटारे, टेबलं, सगळं धुंडाळून झालं. एक वर्षाच्या उपक्रमाचा पहिला दिवस, रामनवमीचा मुहूर्त, लोकांना आधीच कळवलेलं, आणि गाण्याचे शब्दच हातात नाहीत. माडगूळकर संतापले. लिहून दिलेलं पुन्हा लिहायला ते तयार होईनात. तेव्हा लाडांनी मित्राच्या अधिकाराने त्यांना एका खोलीत नेऊन बसवलं, कागद-लेखणी पुढे ठेवली आणि दाराला बाहेरून कडी घातली. पंधरा मिनिटांत माडगूळकर बाहेर आले तेव्हा सबंध गीत आठवणीतून पुन्हा कागदावर उतरलेलं होतं. पुण्यात ही हकिकत अनेकांनी सांगितलेली आहे आणि ती बहुतेक वेळा फजितीची गंमत म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही.

कारण ते पहिलं गीत कशाबद्दल आहे ते पाहावं. त्यात राम सिंहासनावर बसले आहेत, समोर दोन कोवळे मुलगे उभे आहेत, आणि ते रामाचीच कथा रामाला गाऊन दाखवताहेत. आपल्यासमोर गाणारी ही पोरं आपलीच, हे बापाला ठाऊक नाही. कुश-लवांच्या हातात पोथी नाही. वाल्मीकींनी गाणं त्यांच्या कंठात घातलेलं आहे आणि कंठातूनच ते सभेत उतरतं आहे. म्हणजे पाठ केलेलं गाणं भर सभेत म्हणणाऱ्या दोन मुलांचं ते गीत, आणि तेच गीत कागद हरवल्यामुळे कवीला पाठ असलेल्या शब्दांतून पुन्हा उभं करावं लागलं. असा योग जुळवून आणता येत नाही. फडक्यांनी त्याला भूप दिला. पाचच सुरांचा राग. लहान मुलाच्या तोंडी सहज बसावा आणि राजसभेतही उणा वाटू नये. पावणेनऊला फडक्यांच्या आवाजात तो सूर लागला.

गाणं कंठात ठेवणं ही आमच्याकडची जुनी विद्या. १९५५ साली विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर वीस वर्षांच्या होत्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड नावाजलेला. पोर फडातच वाढली. असल्या फडांत गण, गौळण, बतावणी आणि रात्रभर चालणारा वग बहुतेक तोंडपाठच असायचा. वगाचा साचा ठरलेला, पण संवाद त्या रात्री, त्या गावाच्या रंगाप्रमाणे उभे राहायचे. कवनं एका पिढीने दुसरीच्या कानात घातलेली. पठ्ठे बापूरावांच्या रचना अशाच फिरत राहिल्या. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही अशा मांग, महार, कोल्हाटी घरांतल्या माणसांनी हजारो ओळींचं हे भांडार डोक्यात वाहिलं आणि पायी, बैलगाडीतून, पुढे ट्रकमधून गावोगाव पोचवलं.

आणि याच माणसांना त्या काळात दारं बंद होती, हेही त्या दिवसाच्या गोष्टीत सांगितलंच पाहिजे. स्वातंत्र्य मिळताच बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती अटींवर उठली. आकाशवाणीचं संगीतही तेव्हा सोवळ्यातलं होतं. सुशिक्षित घरांतल्या गायिकांना तिथं मान होता. कनातीत नाचणाऱ्या बाईचं गाणं कितीही पक्कं असलं तरी तिच्यासाठी स्टुडिओची वाट सोपी नव्हती. ‘गीतरामायण’ मला प्राणापलीकडे आवडतं. तरी त्या सकाळच्या मायक्रोफोनसमोर कोण उभं राहू शकत होतं आणि कोण नाही, हे नारायणगावच्या मुलखातल्या माणसाला विसरता येत नाही.

पहिल्या शुक्रवारनंतर जे घडलं त्याला पुण्यात तोड नव्हती. शुक्रवारी सकाळी नवं गीत, आणि तेच पुन्हा शनिवारी व रविवारी त्याच वेळेला. तीनदा ऐकायला मिळायचं म्हणजे पाठ व्हायला पुरेसं. पहिल्या वेळेला चाल, दुसऱ्या वेळेला शब्द, तिसऱ्या वेळेला वहीत राहिलेल्या जागा भरायच्या. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी दर आठवड्याचं गीत छापायला सुरुवात केली. लोक पावणेनऊच्या आत अंघोळ उरकून बसायचे, रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओसरीवर आळी जमायची. रेडिओ ही तेव्हा परवाना काढून बाळगायची वस्तू होती. आजच्यासारखा खिशात मावणारा आवाज नव्हता.

खेड्यांत तर वीजच नव्हती. बॅटरीवर चालणारा एखादा सामुदायिक संच असायचा, उंच बांबूला बांधलेली तार आणि समोर गर्दी. पण याच काळात आमच्या जिल्ह्यातली खेडी रेडिओशी जोडली जात होती. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं त्यात होती. कार्यक्रम पुणे केंद्रावरून लागायचे. माणसं संचाभोवती बसून ऐकायची, मग खत, बियाणं, पाणी यांवर आपसांत चर्चा करायची. म्हणजे ‘गीतरामायण’ शेवटाकडे येत होतं तेव्हा त्याच केंद्राचा आवाज आमच्यासारख्या मुलखात चावडीवर बसून ऐकला जाऊ लागला होता. शेतीचं ऐकायला आलेल्या माणसाने गाण्याला कान बंद केले असतील असं मला वाटत नाही.

रामनवमीला सुरू झालेल्या या मालिकेत राम मात्र लगेच जन्मत नाही. पहिल्या गीतात कुश-लव, मग शरयूकाठची अयोध्या, मग मूल नसलेल्या कौसल्येच्या मनातली कालवाकालव, दशरथाचं समजावणं, यज्ञातून आलेलं पायस, आणि सहाव्या गीतात जन्म. पाच आठवडे लोकांना थांबावं लागलं. हे थांबवणं फार शहाणपणाचं होतं. यात्रेतला चांगला वगही असाच थांबवतो; राजा पहिल्याच झटक्याला बोर्डावर येत नाही. ते जन्माचं गीत माडगूळकरांना रात्र रात्र सापडत नव्हतं. कागदावर कागद फुकट जात होते. घरच्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले की इथं राम जन्माला यायचा आहे, वेळ लागणारच. असं माडगूळकरांच्या घरचे सांगत आले आहेत. वाकडेवाडीला, पुणे-मुंबई रस्त्यावर, त्यांचं ‘पंचवटी’ हे घर. मंचरहून शिवाजीनगरला जाणारी आमची एसटी त्याच रस्त्याने जायची. आता तर शिवाजीनगरचा स्टँडच तिकडे हलला आहे. चारा, तरकारी आणि कोर्टाच्या तारखा घेऊन पुण्याला जाणारी आमच्या भागातली किती माणसं त्या घरावरून गेली असतील.

गाणारी मंडळी मोठी होती. सीतेची गीतं माणिक वर्मांकडे, कौसल्येसाठी ललिता फडके, शिवाय वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक. लता मंगेशकरांनीही त्यात एक गीत गायलं. व्हायोलिनवर प्रभाकर जोग. बहुतेक गीतं पात्राच्या तोंडची, म्हणजे प्रत्येक गीतात कुणीतरी उभं राहून आपली बाजू सांगतं. हीसुद्धा आख्यानाची आणि वगाचीच रीत. निवेदक मागे सरतो, पात्र पुढे येतं, आपलं दुःख किंवा आपला राग मांडतं आणि जातं. फडक्यांच्या चाली यासाठी मला अजोड वाटतात. राग शास्त्रातला, पण शब्द कुठंही तुटत नाही. एकदा ऐकून अर्थ कळतो आणि तिसऱ्यांदा ऐकून गळ्यात बसतो. भरताची समजूत घालणारं रामाचं गीत यमनमध्ये आहे. दहा कडव्यांचं ते लांबलचक गीत गावाकडच्या म्हाताऱ्यांना मयताच्या दिवशी आठवतं. ज्यांना रागाचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही, ती माणसं ते शेवटपर्यंत म्हणतात.

५२ गीतांचा बेत होता. ती ५६ झाली. कारण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. पंचांगाने वर्ष लांबवलं आणि कवीला आणखी चार आठवडे मिळाले. शेवटचं गीत १९ एप्रिल १९५६ रोजी, पुन्हा रामनवमीला. वाल्मीकी मुलांना सांगताहेत की आता जा आणि हे गा. भैरवीत. जिथं पहिलं गीत सुरू झालं होतं त्याच्या आधीचा हा क्षण आहे. ऐकणारा वर्षभर फिरून पुन्हा त्या दोन मुलांच्या मागे येऊन उभा राहतो.

पुढचा इतिहास वेगाने घडला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ‘गीतरामायण’ पुस्तकरूपाने काढलं. त्याच दिवशी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचं गाणं सन्मानाने परत आलं. १९५८पासून फडके स्वतः पेटी घेऊन बसून जाहीर कार्यक्रम करू लागले. हा तपशील मला मोलाचा वाटतो, कारण आकाशवाणीने १९४० पासून पेटीला बंदी घातलेली होती आणि ती १९७१पर्यंत उठली नाही. रेडिओने जन्माला घातलेलं गाणं रेडिओबाहेर पडल्यावर पेटीच्या साथीने गावोगाव, मंडपामंडपांत गेलं. फडके पुढची चाळीसहून अधिक वर्षं ते गात राहिले. सुपारी, तारीख, मंडप, रात्रीचा कार्यक्रम, सकाळी पुढच्या गावाला. अखेर तेही फडाच्याच वाटेने चाललं.

माडगूळकर १९७७ साली गेले. विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. अखेरचे दिवस हलाखीचे होते, दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. त्याच वर्षी २९ जुलैला फडके गेले. चार वर्षांनी महाराष्ट्र शासनाने तमाशातल्या आयुष्यभराच्या सेवेसाठीचा पुरस्कार विठाबाईंच्या नावाने सुरू केला. तो त्यांना स्वतःच्या हातात घेता आला असता तर.

लोणीत रामनवमीला दुपारी बाराच्या सुमाराला मारुतीच्या देवळापुढे पाळणा बांधतात. बायका सुंठवडा घेऊन येतात, गुलाल उधळतात, आणि भोंग्यावर ते सहावं गीत लावतात. कुणी सांगितलेलं नसतं, पण पहिल्या ओळीपासून सगळ्या एकत्र म्हणायला लागतात. शाळेत न गेलेल्या आजीबाईंनाही सगळी कडवी येतात. एकही शब्द चुकत नाही. वही कुणाच्याच हातात नसते. तेवढ्यात पोरं पळत येऊन सांगतात की वेशीवर ट्रक दिसला, तमाशावाले आले.